दम धरायचा, पण किती दिवस?

(अंजनगाव सुर्जी येथे पालक आणि तरुणांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला विषय देताना सांगितलं गेलं, ‘आजच्या पिढीला सब्र का नाही, यावर बोल.’ म्हणजे निकाल आधीच लागलाय, मला फक्त शिक्का मारायला बोलावलंय. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या चाचा मंडळींनी विषय ठरवला आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली पोरं आरोपी. मी मधला. पस्तिशी गाठलेला, याच गावात वाढलेला, इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला. कोणाची वकिली करायची ते बोलता बोलता ठरवतो.

आधी तक्रार ऐकून घेऊ. ‘पोट्टे कामावर टिकत नाहीत. महिनाभर येतात, पगार घेतात, गायब. आम्ही सायकलवर निम्मी जिंदगी काढली, यांना पहिल्या पगारात गाडी पाहिजे. जे पाहिजे ते आज पाहिजे.’ घरात आपण ‘सब्र कर’ म्हणतो, शेजारच्या घरात तेच ‘दम धर’ असतं. दोन्हीकडे सूर एकच.

या तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण मोठ्यांच्या सब्रबद्दल जे सांगितलं जातं ते जरा तपासून घेऊ.

आपली शकुंतला घ्या. मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटर, ताशी वीसच्या वेगानं. वाटेत आपलं स्टेशन. मोठी माणसं त्या गाडीच्या आठवणी फार प्रेमानं सांगतात, आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं, ‘आमच्यात तेवढा दम होता.’ होता ना. पण एसटी वाढल्यावर काय झालं? ज्याच्या खिशात एसटीच्या तिकिटाचे पैसे होते तो एसटीनं गेला. शकुंतलेत उरला तो ज्याला तेवढंच भाडं परवडत होतं तो. त्याचा दम मोठा होता की खिसा लहान होता? गाडीवर माझा राग नाही, ती बंद पडल्याचं मलाही वाईट वाटतं. पण पर्याय नसताना थांबणं आणि पर्याय असताना थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हीला सब्र म्हणतो, आणि तिथून घोळ सुरू होतो.

कापसाचं बघा. एकाधिकार खरेदीच्या काळात बैलगाड्या केंद्रावर लावून रात्री काढलेली माणसं इथं बसली असतील. कापूस आज द्यायचा आणि चुकाऱ्याचे पैसे सरकार देईल तेव्हा घ्यायचे. तोपर्यंत घर सावकाराच्या पैशावर चालायचं. त्या थांबण्याचं व्याज शेतकऱ्यानं भरलं. त्याला ‘जुन्या लोकांचा संयम’ म्हणून हार घालायचा असेल तर घाला, पण ते व्याजही मोजा.

आता घरातलं सांगतो. माझे अब्बा टेलर. ते उस्तादकडे शिकायला बसले तेव्हा पहिली तीन वर्षं त्यांनी काज-बटण आणि तुरपाई केली. ‘तीन साल के बाद कैंची हाथ में मिली,’ हे वाक्य आम्ही भावंडांनी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. मी अभ्यासाला कंटाळलो की कैंची. बहिणीनं नवा ड्रेस मागितला की कैंची. पण त्या तीन वर्षांत अब्बांना एक गोष्ट पक्की माहीत होती. कैंची मिळेल. मग मशीन घेता येईल, मग दुकान. त्यांच्या आधी बसलेल्या शागिर्दांची दुकानं त्यांना रोज रस्त्यात दिसत होती. थांबलं की मिळतं, याचा पुरावा डोळ्यांसमोर होता.

आणि ते मिळालंही. दुकान झालं, नाव झालं. मग रेडीमेड आलं. आज अब्बांकडे येतं ते बहुतेक अल्टरचं काम. पँटची उंची कमी कर, चेन बदल. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत थोडी गर्दी होते, तेवढीच. आज एखादा मुलगा त्यांच्याकडे येऊन म्हणाला, ‘चाचा, मला शिकवा, तीन वर्षं काज-बटण करतो,’ तर ते त्याला ठेवतील का? मी विचारलं होतं. ते म्हणाले, ‘उसका नुकसान क्यों करूं?’

हे उत्तर नीट ऐका. सब्राचे इतके किस्से सांगणारा माणूस एका मुलाला सब्र करू नकोस म्हणतोय. त्यांचा स्वभाव तोच आहे, हिशोब बदललाय.

गॅरेजचं हेच चाललंय. आपल्या समाजातली कितीतरी घरं मेकॅनिक, वेल्डर, डेंटिंग-पेंटिंगच्या कामावर उभी राहिली. शाळेत न टिकलेला मुलगा उस्तादकडे जायचा, पाने पुसायचा, चहा आणायचा, शिव्या खायचा आणि सात-आठ वर्षांत स्वतःचं शटर उघडायचा. आता १ एप्रिल २०२० पासून नवी गाडी म्हणजे बीएस-६. दुचाकीतला कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर आले. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. ज्या उस्तादचं सगळं नाव कार्ब्युरेटर ट्यून करण्यावर होतं, त्याच्या हातातली कला दरवर्षी थोडी कमी किमतीची होते आहे. त्याचा काही दोष नाही. पण शेजारी बसलेल्या पोराला ते दिसतं. पोरं आंधळी नसतात.

अशाच एका मुलाशी मागच्या ईदला बोललो. नऊ महिने गॅरेजला होता, मग सोडून पुण्यात डिलिव्हरीला लागला. मी विचारलं, ‘उस्तादनं सांगितलं होतं का, इंजिनला हात कधी लावू देणार?’

‘नाही.’

‘पगार कधी वाढवणार?’

‘विचारलं होतं. म्हणाले, देखते हैं.’

या ‘देखते हैं’वर पीएचडी व्हायला पाहिजे. आपल्याकडे कामाला ठेवणारा ‘देखते हैं’ म्हणतो, उधारी देणारा ‘देखते हैं’ म्हणतो, पोरीला पुढे शिकायचं असेल तर बापही ‘देखते हैं’ म्हणतो. आणि समोरच्यानं दुसरा रस्ता धरला की आपण म्हणतो, सब्र नाही.

इथं संत्र्याचे बागवाले आहेत, त्यांच्यासमोर मी बागेबद्दल बोलणं म्हणजे आगाऊपणा. तरी बोलतो. संत्रा लावला की पाचव्या-सहाव्या वर्षी नीट उत्पन्न. तेवढं थांबण्याची आपल्या भागाला सवय आहे. पण बागवाला नुसता थांबत नाही. बहार घ्यायचा तर तो झाडाला ताण देतो. पाणी तोडतो, पानं मलूल होऊ देतो, आणि मग ठरल्या वेळी ताण तोडतो, तेव्हा फूल येतं. ताण किती दिवसांचा? ते जमिनीवर ठरतं. भारी जमिनीत जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी. भारी जमिनीचा ताण हलक्या जमिनीतल्या झाडाला दिला तर फूल राहिलं बाजूला, झाड वाळतं. ही गोष्ट ज्याला झाडाबद्दल पक्की कळते, तोच माणूस घरातल्या मुलाला म्हणतो, दम धर. किती दिवस, ते सांगत नाही. ताण कधी तोडणार, ते सांगत नाही. जमीन हलकी आहे की भारी, हे पाहत नाही.

आणि एवढं करूनही भाव मिळेलच असं नाही. आपला संत्रा बांगलादेशात जायचा. त्यांनी आयात शुल्क दरवर्षी चढवत नेलं आणि इथला भाव बसला. वर्षानुवर्षं जपलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवलेले लोक आपल्या भागात आहेत. त्यांच्या घरातल्या मुलानं थांबण्याबद्दल काय शिकायचं?

आता मागे उभ्या असलेल्यांकडे वळतो. तुम्ही हसताय, वकील मिळाला म्हणून. थांबा.

नव्या पिढीला थांबता येत नाही हे सरसकट खोटं आहे. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. २०२४च्या पोलीस भरतीत १७ हजारांवर जागा होत्या, अर्ज १७ लाखांच्या पुढे. हे अर्ज करणारे कोण? पहाटे चारला उठून रस्त्यावर धावणारी, अभ्यासिकेत चार-चार, पाच-पाच वर्षं बसणारी हीच पोरं. एवढा दम आमच्या वयाच्या कोणी धरला होता? मला तर उलटी भीती वाटते, यांच्यातले काही जण गरजेपेक्षा जास्त थांबतात. तिसाव्या वर्षी वयोमर्यादा दिसायला लागते आणि हातात दुसरं काही नसतं.

माझ्या क्षेत्राचं सांगतो, कारण तिथंही ‘हे टिकत नाहीत’ हे रडगाणं रोज असतं. मी नोकरीला लागलो त्या सुमारास मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या नव्या इंजिनिअरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख द्यायच्या. अब्बांच्या दुकानाच्या मानानं तो खजिना होता. आज इतक्या वर्षांनी त्याच प्रकारच्या कंपन्या नव्या मुलाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. महागाई धरली तर त्या पगाराची खरी किंमत निम्म्यावर आली. मुलगा दीड वर्षात नोकरी बदलतो कारण आत राहिला तर आठ-दहा टक्के वाढ, बाहेर पडला तर तीस. त्याला अधीर म्हणायचं कसं? त्यानं गणित केलं, आणि गणित बरोबर आहे. आमच्या पिढीला चढायला शिडी मिळाली, ती आमच्या गुणांमुळेच मिळाली असं समजून आम्ही यांना प्रवचन देतो.

आता दुसरी बाजू. डिलिव्हरीवाल्या त्या मुलाला मी आणखी एक विचारलं. आज जे काम करतोस ते पाच वर्षांनी जास्त चांगलं येईल का? तो गप्प बसला. आठवड्याला पैसे येतात हे खरं. गॅरेजच्या हातखर्चीपेक्षा कितीतरी जास्त येतात हेही खरं. पण गाडी हप्त्यावर, पेट्रोल स्वतःचं, दर ॲप ठरवतं आणि बदलतं. पहिल्या दिवशी जे येत होतं तेच हजाराव्या दिवशी येतं. फरक एवढाच की कंबर दुखते. काही कामांत वेळ जातो तसं हातात काहीतरी साठत जातं, काही कामांत नुसता वेळ जातो. पगाराचा आकडा पाहण्याआधी हे पाहायला पाहिजे, आणि ते पाहायला कोणी शिकवत नाही.

आणि हप्ते. आमच्या अम्मीची बीसी होती. बारा बायका, महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिचा नंबर. ज्या घरात लग्न किंवा दवाखाना असेल तिला बाकीच्या आधी नंबर देऊन टाकायच्या. फ्रीज बीसीतून आला, माझी इंजिनिअरिंगची पहिली फी बीसीतून गेली. आज फोन आधी हातात येतो आणि पैसे बारा महिने जातात. नाव काय, तर ‘नो कॉस्ट ईएमआय’. व्याज नको म्हणणारी आपली घरंही या नावावर निश्चिंत असतात. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. कुठं तरी, कोणत्या तरी नावानं ते वसूल होतंच.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. तुमच्यातल्या किती जणांच्या फोनमध्ये ट्रेडिंगचं ॲप आहे, ते हात वर करून सांगू नका, अब्बा लोक समोर बसलेत. मनात मोजा. शेअर घेऊन ठेवण्याबद्दल मी बोलत नाही. ऑप्शनबद्दल बोलतोय, जिथं सकाळचे पाच हजार दुपारी दहा होतात आणि तीन वाजता शून्य. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये याचा अभ्यास जाहीर केला. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोकांनी पैसा गमावला. माणशी सरासरी दोन लाख, सगळा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. शंभरातल्या ७२ जणांचे पत्ते देशातल्या मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे आपल्यासारख्या गावांचे.

मग तो पैसा गेला कुठं? त्याच अभ्यासात आहे. नफा झाला तो मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांना आणि परदेशी गुंतवणूकदारांना, आणि त्यांच्या नफ्याचा जवळजवळ सगळा भाग संगणकाच्या प्रोग्रामनं कमावलेला. तो प्रोग्राम माझ्यासारखाच कोणी इंजिनिअर लिहितो. दिवसाला लाखो सौदे करणारं यंत्र एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला रील पाहून ‘स्ट्रॅटेजी’ शिकलेला आपला बी.कॉम.चा मुलगा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. ऑप्शनला बंदी नाही, आणि ते खेळासारखं दिसतही नाही. घरच्यांना वाटतं पोरगा लॅपटॉपवर काहीतरी काम करतोय.

माझ्या ओळखीतल्या एका घरात हे झालं. गाव सांगत नाही. मुलानं आधी स्वतःचे घालवले, मग मित्रांचे, मग लोन ॲपचे. घरी कळलं ते वसुलीचे फोन आल्यावर. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं गेलं. आता त्या घरात बाप मुलाशी बोलत नाही. मुलाला मी विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, ‘अब्बांवर कर्ज होतं, मला माहीत होतं. ते आम्हाला सांगत नव्हते. वाटलं, एकदाच फेडून टाकू.’

चाचा, हे तुमच्यासाठी आहे. आपल्या घरात पैशावर बोलत नाहीत. दुकानात किती उधारी अडकलीय, घर किती कर्जात आहे, फी कुठून आली, हे मुलाला माहीत नसतं. त्याला फक्त रात्रीची कुजबुज ऐकू येते. पैसा कसा येतो हे बापानं दाखवलं नाही, तर ते तो फोनवरून शिकतो, आणि फोनवर सगळे एका महिन्यात श्रीमंत झालेले असतात.

मुलींबद्दलही दोन शब्द. इथं त्या डाव्या बाजूला बसल्यात आणि मघापासून कोणी त्यांचं नावही काढलं नाही, कारण मुलींना सब्र नाही अशी तक्रार कोणी करत नाही. त्यांनी इतका केलाय की तो दिसेनासा झाला. बारावी झाली, अमरावतीला शिकायला जायचंय, तर ‘थोडा रुक’. भावाचं होऊ दे, वर्ष जाऊ दे, स्थळ येतंय बघू. माझ्या बहिणीला मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. ती अजूनही रुकलेली आहे, आता तिची मुलगी सातवीत आहे. ताण तोडायची तारीख न सांगण्याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

मग करायचं काय? भाषण देऊन उद्या मी पुण्याला जाणार, म्हणून करता येईल तेवढंच बोलतो.

इथं गॅरेजवाले चार उस्ताद आलेत, वेल्डिंगवाले दोन. त्यांच्यासाठी मी एका पानाचा कागद लिहून आणलाय, मराठीत आणि उर्दूत. त्यात एवढंच आहे: मुलगा पहिल्या सहा महिन्यांत काय शिकेल, इंजिनला हात कधी लावेल, कोणत्या महिन्यापासून किती पैसे. आकडे रिकामे ठेवलेत, ते उस्ताद आणि मुलगा बसून भरतील. खाली मुलाची सही आहे, तेवढी मुदत सोडून जाणार नाही म्हणून. ही सही फुकटची नाही. उस्तादनं शब्द दिला आणि पाळला, तरी तिसऱ्या महिन्यात पळालात, तर मागच्या रांगेची वकिली मी सोडली.

स्कॅनरचं मी पाहतो. एक साधा स्कॅनर आणि दोन रविवार, एवढं माझ्याकडून. मॅन्युअल इंग्रजीत असतं, ते पोरांना वाचता येतं. वाचून जे कळत नाही, ते उस्तादला इंजिनच्या आवाजावरून कळतं. दोघांनी एका गाडीवर बसायचंय.

आणि पालकांना एक विनंती, कागदाशिवायची. या महिन्याचा घरचा हिशोब मुलासमोर आणि मुलीसमोर करा. उधारीसकट. त्याच वेळी मुलानं आपला फोन टेबलावर ठेवावा, ॲपसकट. दोघांपैकी कोणाला जास्त घाम फुटतो ते मला पुढच्या वेळी सांगा.

कागद त्या टेबलावर आहेत, चहा त्याच्याच शेजारी आहे. आता प्रश्न घेऊ. मागच्यांनी आधी विचारा, चाचा लोकांनी जरा सब्र करावा.